घर तुमचंच आहे

पोरांनो,

गेल्या आठवड्यात तुम्ही मला एक फोटो पाठवलात. नारळी-पोफळीच्या वाडीत वेताच्या खुर्च्या, टेबलावर शहाळं, शहाळ्यात कागदी नळी, मागे पितळी समई. खाली कुणा पाहुण्याने लिहिलं होतं की इथले मालक फार अगत्यशील आहेत, अगदी आपल्याच घरी आल्यासारखं वाटतं. तुम्ही विचारलंत, डिसेंबरात आलो की आजीच्या लहानशा घरात गर्दी करण्यापेक्षा चार दिवस इथे राहू का? मी 'नको' एवढंच उत्तर दिलं. धाकटीने लगेच 'का?' म्हणून विचारलं. ते उत्तर फोनवर एका बोटाने टाइप करण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

आत्ताच लिहायला दुसरंही कारण आहे. त्या अगत्यशील मालकांचं अपील गेल्या महिन्यात फेटाळलं गेलं. खटला चालू असताना वकिलाने घरातसुद्धा त्याबद्दल बोलू नये असं मी मानते, त्यामुळे तुमच्या आईलाही यातलं काही ठाऊक नाही. आता बोलायला हरकत नाही. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, तुमचंही होतंय, तेव्हा ही हकिगत इंग्रजीत लिहिणं दोन्ही बाजूंना सोयीचं होतं. पण हा खटला ज्या तीन शब्दांवर फिरला, ते इंग्रजीत नेले की त्यांतला खोटेपणा निघून जातो आणि नुसता अर्थ उरतो. म्हणून मराठीत लिहिते आहे. जड गेलं तर आईकडून वाचून घ्या.

मी आयुष्यभर भाडेकरूंच्या पडक्या घरांचे दावे चालवले. वकिलीत या कामाला मान नाही. आमच्या किनाऱ्यावर जमिनींचे दावे चालवणारे वकील मोठ्या गाड्यांतून येतात. मी पक्षकाराच्या शिडीवर चढून वासे कुठे कुजलेत ते बघत आले. शिडीवरून मालक लोकांबद्दल जे कळतं ते त्यांच्या ओटीवर बसून कळत नाही.

भाडेकरूला घराबाहेर काढायचे दोन रस्ते असतात. एक कोर्टाचा. तो लांबचा आहे आणि त्यात कारण द्यावं लागतं. दुसरा पावसाचा. आपल्याकडे वर्षातून चार महिने पाऊस मालकाची चाकरी करतो आणि मालकाने फक्त स्वस्थ बसायचं असतं. कौल सरकलं, सरकू दे. वासा भिजला, भिजू दे. भिंतीला पोट आलं, येऊ दे. पाचसहा पावसाळ्यांत माणूस आपणहून उठून जातो आणि मालक चारचौघांत सांगतो, "आम्ही कुठे काढलं? त्यांनाच मुलाकडे जायचं होतं." मी असे इतके मालक पाहिले की पुढेपुढे मला त्यांचा राग येईनासा झाला. राग यायला समोरच्यात काहीतरी असावं लागतं. यांच्यात आळस आणि हाव यांच्यापलीकडे काही नव्हतं, आणि आळसालाच ते सभ्यपणा म्हणत.

तुमच्या फोटोतले मालक या सगळ्यांत सभ्य. पिढीजात वाडी, गावात मोठं घर, कपाळाला गंध, पांढरा शुभ्र लेंगा-सदरा. त्यांनी आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. वाडीच्या मागच्या टोकाला त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून भाड्याने दिलेल्या दोन खोल्या आणि पुढे पडवी. तिथे माझ्या पक्षकार राहतात. मी त्यांना नुसतं बाई म्हणेन. लग्न होऊन त्या याच घरात आल्या, सासू-सासरे इथेच गेले, नवरा इथेच गेला. साठी उलटली आहे. ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवतात, आणि गावातली निम्मी मापं त्यांना वहीशिवाय पाठ आहेत. एकुलती एक मुलगी बोर्ली पंचतनला दिली आहे.

बाई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या मोठं वादळ येऊन गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात. वादळाने अर्ध्या किनाऱ्याची छपरं नेली होती. मालकांच्या पाहुण्यांच्या खोल्यांवर महिन्याभरात नवीन छप्पर चढलं. बाईंच्या खोल्यांवर ताडपत्री होती, तीही बाईंनीच आणलेली.

"बाय, मशीन ह्या कोनातनं त्या कोनात नेते," त्या म्हणाल्या. "आता कोनच न्हाय उरला."

"मालकांना सांगितलंत?"

"सांगितलं तं. धा वेळा सांगितलं."

"मग ते काय म्हणाले?"

"ते काय बोलनार? बसवतात, शहाळं देतात. बोलतात, घर तुमचंच हाय वहिनी, काय पायजे ते करून घ्या."

"मग करून का नाही घेतलंत?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू काही मी कालच बोटीतून उतरले आहे. "बोलले म्हनून कोन करतं काय, बाय?"

त्यांचं खरं होतं. घर तुमचंच आहे, हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. दारात आलेल्या पाहुण्याला म्हणतात, नवीन सुनेला म्हणतात, जागा विकताना गिऱ्हाइकालाही म्हणतात. ऐकणाऱ्यानेही मान डोलवायची आणि काही मागायचं नाही, असा त्यातला अलिखित करार आहे. ही वाक्यं बोलायला फुकट असतात, म्हणून आमच्या मालकांकडे त्यांचा मोठा साठा होता.

मी घर बघायला गेले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. वाडीतल्या सगळ्या माडांवरचे नारळ वेळच्या वेळी उतरवले होते. एक माड सोडून. तो नेमका बाईंच्या छपराकडे कललेला, आणि त्यावर सुके नारळ घोसांनी लटकत होते. वादळातून वाचलेली जी थोडी कौलं होती, ती हे नारळ पडून फुटत होती. माडावर चढणारा गडी दर दोन महिन्यांनी वाडीत यायचा, शेजारच्या माडावर चढायचा आणि या माडाला वळसा घालून जायचा.

"त्याला विचारलंत कधी, हाच का सोडतो?"

"विचारलं. बोलला, मालकांनी सांगितलंय, तो माड वहिनींसाठी ठेव."

पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती बहुधा हीच.

मी रीतसर नोटीस दिली. आपल्या भाडेकायद्यात घर राहण्यालायक ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तरीही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊ शकतो. मात्र नवीन पक्कं बांधकाम करायचं तर मालकाची लेखी परवानगी लागते. दुरुस्ती कुठे संपते आणि पक्कं बांधकाम कुठे सुरू होतं, यावर माझ्यासारख्यांची पोटं भरतात. नोटिशीत मी छप्पर, वासे, मागची भिंत आणि माड असे चार मुद्दे ओळीने घातले.

उत्तर मालकांच्या वकिलांकडून आलं. हे गृहस्थ माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यात 'सबब' आणि 'सदरहू' असतं. त्यांनी कळवलं की सदरहू नारळ पडणे ही नैसर्गिक घटना असून तिच्याशी आमच्या अशिलांचा संबंध नाही, आणि इमारत मोडकळीला आलेली असल्याने तुमच्या अशिलांनी स्वतःच्या जिवाच्या हितासाठी ती त्वरित रिकामी करावी. ज्याने घर मोडकळीला आणलं, त्यानेच आत राहणाऱ्याच्या जिवाची काळजी करायची, ही रीत मी पुष्कळदा पाहिली आहे. आपल्या लबाडीला दयेचं रूप देता आलं की या लोकांना जेवण गोड लागतं.

पाठोपाठ नगरपालिकेचा माणूस आला. पाऊस होता. त्याने वाडीच्या फाटकाशी स्कूटर उभी केली, छत्री उघडली, लांबून घराकडे पाहिलं आणि मालकांच्या ओटीवर चहा घेऊन गेला. इमारत राहण्यास धोकादायक, उतरवून घ्यावी, असा अहवाल झाला. पुढे कोर्टात मी त्याला विचारलं, आत किती खोल्या आहेत? तो म्हणाला, चार. दोन खोल्यांचं घर त्याला दुप्पट दिसलं, आणि त्यात कुणीतरी राहतं हे मात्र दिसलं नाही.

आम्ही दावा लावला. मागणं तीनच: घर पाडू नये, मालकांनी वासे व भिंत दुरुस्त करून द्यावी, आणि त्या माडाचे नारळ उतरवावेत. दावा चालेपर्यंत पावसाला थांबवता येत नाही, म्हणून नोटिशीची मुदत उलटून गेल्यावर बाईंनी भावाला बोलावून छपरावर निळे पत्रे घातले. मला विचारूनच घातले. पत्रे स्क्रूने बसवा, सिमेंट कुठेही लावू नका, असं मी बजावलं होतं, कारण पुढचं पाऊल मला दिसत होतं. ते तसंच पडलं. मालकांनी उलट मागणी केली की बाईंनी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं आहे, सबब जागेचा ताबा मालकांना मिळावा.

बाईंची मुलगी बोर्लीहून आली. शहाणी मुलगी आहे. म्हणाली, "आई, सोड ना. माझ्याकडे ये. कोर्टात जाऊन कोणाचं भलं झालंय?"

बाई म्हणाल्या, "तुझ्याकडं येते. चार दिस येते. पाचव्या दिशी तुझी सासू विचारील, विहीनबाय कदी जातात? मंग काय सांगशील?"

तेव्हा मला कळलं की काय पणाला लागलं आहे. बाई हरल्या तर त्या रस्त्यावर येणार नव्हत्या. जावयाच्या घरातल्या एका कोपऱ्यात गेल्या असत्या आणि मरेपर्यंत पाहुण्या म्हणून राहिल्या असत्या. मशीन नेली असती, पण पाठ असलेली मापं बोर्लीला कुणाच्या कामाची?

साक्षीसाठी मी बाईंची दोन दुपारी तयारी करून घेतली. तारखा, पावत्या, ताडपत्री कधी आणली, पत्रे कुणी घातले, सगळं विचारून घेतलं. शेवटी सांगितलं, "विचारतील तेवढंच सांगा. थोडं बोला. लांबण लावू नका." हा सल्ला मी प्रत्येक साक्षीदाराला देत आले आणि त्याचा मला अभिमानही होता.

न्यायाधीश तरुण होते, विदर्भातून नुकतेच बदलून आलेले, स्वभावाने सरळ. मालकांचे वकील उलटतपासाला उभे राहिले.

"किती वर्षं राहता तिथे?"

"लगीन झालं तवापासनं."

"घरात कोण कोण असतं?"

"मी, आन मशीन."

"पत्रे कोणी घातले?"

"मी घातले. भावानं घातले."

"कोणाला विचारून?"

"पाऊस विचारून आला काय?"

न्यायाधीश हसले. मला बरं वाटलं, आणि तिथेच माझं लक्ष सुटलं. मी पुढच्या निशाणीचा कागद काढायला मान खाली घातली. आमच्या कोर्टात पुराव्याच्या कागदाला निशाणी म्हणतात. माझ्या निशाण्या नेहमी क्रमाने लावलेल्या असतात, आणि त्या दिवशी त्या क्रमाच्या कौतुकात मी रमले होते.

"घर कोणाचं आहे, बाई?" वकिलांनी अगदी सहज विचारलं.

"आमचंच," बाई म्हणाल्या.

त्यांनी थोडक्यात उत्तर दिलं होतं. मी शिकवलं तसंच.

वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "याची नोंद व्हावी, साहेब." साक्षीदार जे बोलतो ते न्यायाधीश लेखनिकाला सांगतात आणि मग ते कागदावर उतरतं. बोलण्यातून कागदावर जाताना शब्दांना इस्त्री होते. बाईंचं 'आमचंच' कागदावर असं आलं: 'सदर घर माझ्या मालकीचे आहे.'

मी उठले. "साहेब, त्या मालकीचं काही बोललेल्या नाहीत."

"मॅडम," वकील म्हणाले, "साक्ष त्यांची चालू आहे. आपली नाही."

न्यायाधीशांनी हात वर करून दोघांना थांबवलं आणि स्वतःच विचारलं, "बाई, घर तुमचं आहे असं तुमचं म्हणणं आहे का?"

साहेबांनी मायेने विचारलं असं बाईंना वाटलं. त्या खुलल्या. "व्हय साहेब. आमचं न्हाय तं कोनाचं? मालक पन तेच बोलतात."

तेही लिहिलं गेलं. मालकांचे वकील खाली बसले आणि त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. घाम आलेला नव्हता. आनंद लपवायची ती त्यांची पद्धत आहे.

तुम्हाला यातलं गांभीर्य कळावं म्हणून सांगते. भाडेकरूने मालकाची मालकीच नाकारली, तर भाडेकरू म्हणून राहण्याचा त्याचा हक्क जाऊ शकतो. पत्र्यांचा मुद्दा मी सहज जिंकले असते. स्क्रू काढले की पत्रे खाली येतात, त्याला कोणी पक्कं बांधकाम म्हणत नाही. पण आता मालकांच्या हातात पत्र्यांपेक्षा मोठं हत्यार आलं होतं, आणि ते बाईंच्या तोंडातून काढून घेतलं होतं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर बाईंनी विचारलं, "बाय, चुकलं काय माझं?"

"चुकलं."

"मंग काय बोलायचं व्हतं? लोकांचं घर?"

"मालकांचं घर, असं म्हणायचं होतं."

बाई म्हणाल्या, "सासूनं मना वोवाळून आमच्या घरात घेतली. लोकांच्या घरात न्हाय घेतली." आणि लगेच, "बोर्लीला फोन करू काय? बांधाबांध करायला टाइम लागल."

"इतक्यात नको," मी म्हणाले. आवाजात खात्री आणली होती. खात्री नव्हती.

मालकांची साक्ष पुढे पाच तारखांनी आली. एकदा वकिलांचा घसा बसला होता, एकदा मालकांकडे पाहुणे होते. त्या मधल्या काळात मी बाईंची साक्ष पुन्हा पुन्हा वाचली. 'मालक पण तेच बोलतात.' समोरच्या वकिलांना ते वाक्य म्हातारीची थाप वाटलं होतं, म्हणून त्यांनी ते खुशाल लिहू दिलं. मला ठाऊक होतं की ती थाप नाही. प्रश्न एवढाच होता की मालक ते कबूल करतील का. कुठलाही साधा लबाड माणूस 'मी असं कधी म्हणालोच नाही' म्हणून मोकळा झाला असता. पण आमचे मालक साधे लबाड नव्हते. त्यांना आपल्या गोडव्याचा गर्व होता. मी ठरवलं की त्यांना छपराबद्दल विचारायचं नाही, त्यांच्या सभ्यपणाबद्दल विचारायचं.

ते अत्तर लावून आले होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्यांनी आधी सगळ्यांना नमस्कार केला, शिपायालाही.

"आपल्या घराण्याचं गावात अगत्यासाठी नाव आहे, खरं ना?" मी विचारलं.

"हरकत आहे," त्यांचे वकील म्हणाले. "दाव्याशी संबंध काय?"

"विचारू द्या," न्यायाधीश म्हणाले.

"नाव आहे," मालक म्हणाले. "आजोबांपासून आहे."

"भाडेकरूलाही आपण टाकून बोलत नाही."

"कधीच नाही. ह्या मला वहिनींसारख्या. यांचे यजमान मला धाकट्या भावासारखं मानत."

"छप्पर गळतं म्हणून सांगायला त्या आपल्याकडे येत असत. तेव्हा?"

"आल्या की बसवलंय. शहाळं दिलंय. विचारा त्यांना."

"विचारलं आहे. शहाळं दिलंत हे त्यांनीही सांगितलं. छपराबद्दल काय म्हणालात?"

त्यांच्या वकिलांनी मान वर केली. उशीर झाला होता. मालकांना प्रश्नात छप्पर ऐकूच आलं नाही, आपलं कौतुक तेवढं ऐकू आलं.

"म्हटलं, वहिनी, घर तुमचंच आहे, काय हवं ते करून घ्या."

"असं एकदा म्हणालात?"

"एकदा कशाला? येतील तेव्हा म्हणालोय. आमच्या तोंडातून दुसरं वाक्य निघतच नाही, मॅडम."

न्यायाधीशांनी ते लेखनिकाला सांगितलं. 'वादी या वेळोवेळी दुरुस्तीची मागणी करण्यास येत असत हे खरे आहे. मी त्यांना प्रत्येक वेळी घर तुमचेच आहे असे म्हणत असे हे खरे आहे.' ते वाक्य इस्त्री होऊन स्वतःच्याच कानावर परत आलं, तेव्हा मालकांचा चेहरा उतरला.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. ते परगावचे होते आणि त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. "म्हणजे घर यांचं आहे, असं आपण सांगितलंत?"

"नाही, नाही साहेब. घर माझं. सात-बारा, घरपट्टी, सगळं माझ्या नावावर. ते आपलं म्हणायचं म्हणून म्हणतात. पद्धत आहे."

"इकडे असं म्हणतात?" न्यायाधीशांनी शिरस्तेदारांना विचारलं.

शिरस्तेदार पस्तीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेले. "म्हणतात साहेब. देत कोणी नाही."

मागच्या बाकांवर हशा झाला. मालकांचे वकील उठले आणि म्हणाले की सदरहू उद्गार हे निव्वळ सौजन्याचे असून त्यांचा शब्दशः अर्थ घेता येणार नाही.

"बरोबर आहे," न्यायाधीश म्हणाले. "मग वादींच्या उद्गारांचाही घेता येणार नाही."

माझ्याकडे आणखी अकरा प्रश्न लिहून आणलेले होते. मी वही मिटली आणि बसले.

बाहेर आल्यावर मालक माझ्याजवळ आले. हात जोडून म्हणाले, "छान चालवता हो तुम्ही. एकदा घरी या, घर तुमचंच आहे." सवय म्हणून म्हणाले. जिभेवरून निघून गेल्यावर त्यांना कळलं. मी फाईल काखेत मारून पायऱ्या उतरले. अशा माणसाला अपमान करण्याइतकंही महत्त्व देऊ नये असं मला वाटलं, आणि अजून वाटतं.

निकाल बाईंच्या बाजूने लागला. 'आमचंच' हा मालकी हक्काचा दावा नव्हे, राहत्या घराबद्दल बोलण्याची रीत आहे. पत्रे ही दुरुस्ती आहे, पक्कं बांधकाम नाही. मालकांनी वासे आणि मागची भिंत तीन महिन्यांत दुरुस्त करून द्यावी, आणि कललेल्या माडाचे नारळ वेळेवर उतरवावेत. माडाचा उल्लेख निकालपत्रात वेगळ्या परिच्छेदात आहे. मला तो परिच्छेद आवडतो.

बाईंना मी निकाल वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "म्हंजे आता घर कोनाचं बोलायचं?"

"मालकांचं."

"आन रायाचं कोनी?"

"तुम्ही."

"मंग काय फरक पडला?" असं म्हणून त्या हसल्या आणि बोर्लीला फोन लावायला बाहेर गेल्या. बांधाबांध करायची नाही, एवढंच सांगायचं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर ती तुम्हाला आवडली असती. पण आदेश झाला म्हणजे भिंत उभी राहते असं नाही. मालकांनी अपील केलं आणि अपिलाच्या नावावर दुरुस्तीला हातही लावला नाही. त्यातल्या दुसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी पडवी खाली बसली. बाई आत काजं करत होत्या, म्हणून वाचल्या. पडवीत पन्नासेक गणवेशांचं कापड होतं, ते चिखलात गेलं. मालकांनी फोन करून चौकशी केली आणि म्हणाले, काळजी घ्या, वहिनी. पडलेल्या पडवीचा फोटो काढून त्यांच्या वकिलांनी अपिलात जोडला आणि लिहिलं की यावरून इमारतीची धोकादायक अवस्था दिसून येते. स्वतः पडू दिलेल्या पडवीला स्वतःचा पुरावा म्हणून उभं करायचं, हे करायला निर्लज्जपणाच लागतो, आणि तो फी घेऊन मिळतो. मीही फी घेऊनच काम करत आले, तेव्हा या धंद्याबद्दल बोलताना मी स्वतःला वगळत नाही. थोडं बोला, हा सल्लाही मी आता साक्षीदारांना देत नाही.

अपील फेटाळलं गेलं हे वर लिहिलंच आहे. त्या न्यायालयाने पडवीबद्दल काही म्हटलं नाही, कारण ती मूळ मागणीत नव्हती. ती मागणीत घालायचं मला सुचलं नव्हतं. दावा लावला तेव्हा ती धड होती. दुरुस्तीसाठी कोर्टाने या वेळी माणूस नेमला, आणि गेल्या पंधरवड्यात मागच्या भिंतीचं काम सुरू झालं. मालक रोज येऊन गवंड्यांना चहा देतात.

डिसेंबरात तुम्ही माझ्याकडेच राहा. गर्दी झाली तर झाली. एखाद्या संध्याकाळी मी तुम्हाला बाईंकडे नेईन. धाकटीचं माप घेऊ दे त्यांना.

पडवी गेली. माड आहे, त्याचे नारळ आता उतरवतात. मागच्या दोन खोल्या उभ्या आहेत आणि बाई तिथे राहतात.